केंटकी रायफल : गाण्यातली आणि रणांगणावरची

अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध रानात वाढलेल्या नेमबाजांनी लांब नळीच्या रायफलींवर जिंकले, हे चित्रपटांनी आणि गाण्यांनी लोकांच्या मनात इतके पक्के बसवले आहे की ही रायफल खरोखर कशासाठी मोलाची होती, तेच मागे पडले. एका वेळी एकच गोळी झाडणारी ही ठासणीची बंदूक मुळात शिकाऱ्याची.

नाव केंटकी, पण जन्म पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टरच्या आसपास. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे स्थायिक झालेल्या जर्मन आणि स्विस कारागिरांनी मायदेशातली आखूड, जाड नळीची रायफल हळूहळू बदलली. नळी ४० इंचांच्या पुढे गेली, तिचे भोक अरुंद झाले. वस्तीपासून दूर राहणाऱ्याला शिसे आणि दारू दोन्ही जपून वापरावे लागे. गोळी लहान झाली की तेवढ्याच शिशात जास्त गोळ्या निघत. केंटकीचे नाव घरोघरी पोचवले ते स्वातंत्र्ययुद्धानंतर १८१५ मध्ये झालेल्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईवर सॅम्युएल वुडवर्थने रचलेल्या गाण्याने. गाण्यात केंटकीचे शिकारी ब्रिटिशांना टिपतात. प्रत्यक्षात केंटकीहून आलेल्या बहुतेकांकडे बंदूकच नव्हती आणि ब्रिटिशांची मोठी हानी केली ती अमेरिकी सेनापती अँड्र्यू जॅक्सनच्या तोफांनी.

नळी लांब म्हणून नेम अचूक, हेही अर्धेच खरे. लांबीमुळे दारू नीट जळते आणि नेम धरायच्या दोन खुणांमधले अंतर वाढते. पण गोळी सरळ जाते ती नळीत कोरलेल्या सर्पिल खाचांमुळे. ही गोळी हातोडीने ठोकून बसवत, असेही सांगतात. तसे नव्हते. शिंगातली दारू मापून नळीत ओतायची, तोंडावर चरबी लावलेला कापडाचा तुकडा ठेवायचा, त्यावर नळीपेक्षा किंचित लहान गोळी, आणि लाकडी गजाने दोन्ही तळापर्यंत दाबायचे. खाचांत घट्ट बसते ते कापड. तेच गोळीला फिरकी देते. मग बंदुकीच्या कानात रंजक, म्हणजे पेट देणारी दारू, घालायची. चाप ओढला की चकमक पोलादावर घासून ठिणगी पडे. या सगळ्याला मिनिटभर तरी लागे. हरणामागे गेलेल्याला तेवढी सवड असते.

रणांगणावर ती नसते. तेवढ्या वेळात मस्केट या बिनखाचांच्या साध्या बंदुकीचा शिपाई तीन गोळ्या झाडी, शिवाय त्याच्या बंदुकीला संगीन असे, रायफलीला नसे. १४ जून १७७५ रोजी अमेरिकी वसाहतींच्या काँग्रेसने रायफलधाऱ्यांच्या १० तुकड्या उभारायचे ठरवले खरे, पण सैन्याची मुख्य भिस्त मस्केटवरच राहिली. १७७७ मध्ये साराटोगाच्या मोहिमेत डॅनियल मॉर्गनच्या नामांकित नेमबाजांच्या जोडीला हेन्री डिअरबॉर्नचे संगीनधारी पायदळ दिले, ते याचसाठी. जे ही मोहीम लढले त्यांना रायफलीची उणीव ठाऊक होती. गाणी रचणाऱ्यांनी ती वगळली.

रायफलीचा म्हणावा असा विजय ७ ऑक्टोबर १७८०चा, किंग्ज माउंटनचा. झाडीचा डोंगरउतार, आडोसा भरपूर, शिकारीचेच मैदान. तिथे मारला गेलेला ब्रिटिश सेनानी पॅट्रिक फर्ग्युसन. त्याने स्वतः १७७६ मध्ये मागच्या बाजूने भरायच्या रायफलीचे पेटंट घेतले होते. म्हणजे जुन्या रायफली सगळ्या तोंडाकडूनच भरत, हाही गैरसमजच. जॉन हॉलची मागून भरायची रायफल अमेरिकी लष्करात आली ती १८१९ साली.

सगळ्यात चिवट समज स्वयंपूर्णतेचा आहे : अमेरिकन माणूस, अमेरिकन बंदूक, अमेरिकन दारू. प्रत्यक्षात अनेक रायफलींचे चापाचे यंत्र इंग्लंडहून येई. स्वातंत्र्ययुद्धातली बरीचशी दारू फ्रान्सने पुरवली. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यावर १८६१ मध्ये ड्यू पाँट या दारूच्या कारखान्याच्या लॅमट ड्यू पाँटला दारूचा मुख्य घटक असलेला सोरा विकत घ्यायला लंडन गाठावे लागले, कारण चांगला सोरा हिंदुस्थानातून ब्रिटिशांच्या हाती येई. अमेरिकी नौदलाने ट्रेंट या ब्रिटिश जहाजावरून दक्षिणेचे दूत कैद करून उतरवल्याच्या वादात ब्रिटनने सोऱ्याची निर्यात रोखून धरली. कैद्यांची सुटका झाल्यावरच तो सोरा अमेरिकेकडे निघाला.