वसिष्ठ-मरीचीजवळचे दोन स्फोट

एम 101 या दीर्घिकेत ऑगस्ट 2011 मध्ये एक तारा फुटताना दिसला आणि मे 2023 मध्ये दुसरा. पहिला एसएन 2011एफई, दुसरा एसएन 2023आयएक्सएफ. सप्तर्षींच्या टोकाकडचे वसिष्ठ आणि मरीची घेतले, तर ही दीर्घिका त्यांच्याशी त्रिकोण करते. जागा सापडायला एवढी खूण पुरते.

नगरजवळच्या नागापूरहून काय दिसते

मेच्या उत्तरार्धात रात्री साडेदहाच्या सुमारास एम 101 उत्तरेला सुमारे 55 अंश उंचीवर येते. एमआयडीसीच्या उजेडात तिचा फिकट पसारा बुडून जातो, पण फुटलेला तारा, म्हणजे सुपरनोव्हा, ठिपक्यासारखा असल्याने तग धरतो. 2023 चा स्फोट 11व्या प्रतीच्या आसपास पोहोचला होता. आठ इंची दुर्बिणीला तो गावाजवळूनही आवाक्यातला होता. दीर्घिका दिसत नाही आणि तिच्यातला एकच तारा दिसतो, हे मला आजही विलक्षण वाटते.

तेज मोजणे

प्रतीचा आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभरपट तेज. मोजणी नेहमी तुलनेने होते. त्याच दृश्यातले प्रत ठाऊक असलेले दोन तारे निवडायचे, एक थोडा ठळक आणि एक थोडा मंद. सुपरनोव्हा त्या दोहोंच्या मध्ये कुठे बसतो ते ठरवायचे. कॅमेरा असेल तर ठिपक्यातला प्रकाश मोजून त्यातून आकाशाची पार्श्वभूमी वजा करायची. तारीख, वेळ आणि फिल्टर यांच्याशिवाय नोंद निरुपयोगी ठरते. आठवड्यांमागून आठवडे अशा नोंदी जमल्या की तेजाचा चढउतार दाखवणारा आलेख तयार होतो, आणि खरी माहिती त्यातच असते.

तेजावरून अंतर

2011 चा स्फोट ‘एक-ए’ प्रकारचा होता, म्हणजे श्वेतबटूचा. या प्रकाराचे मूळ तेज जवळपास ठरलेले असते: 32.6 प्रकाशवर्षांवरून पाहिल्यास सुमारे उणे 19.2 प्रत. किंचित फरक असतो तोही आलेखातून कळतो, कारण जास्त तेजस्वी स्फोट हळू मावळतो. 2011 च्या सप्टेंबरात हा तारा सुमारे 10व्या प्रतीला पोहोचला. म्हणजे फरक 29.2 प्रतींचा. त्यातून अंतर निघते सुमारे सव्वादोन कोटी प्रकाशवर्षे.

उणे 19.2 हा आकडा मात्र स्फोट स्वतः सांगत नाही. तो जवळच्या दीर्घिकांमधल्या सेफीड ताऱ्यांवरून ठरतो. सेफीडचा तेज बदलण्याचा काळ आणि त्याचे मूळ तेज यांचे नाते हेन्रिएटा लेव्हिट यांनी 1912 मध्ये मांडले. एम 101 मध्ये सेफीडही आहेत आणि एक-ए स्फोटही झाला, म्हणून ही दीर्घिका इतकी मोलाची. अशा मोजक्या जागांवर घासून घेतलेली मोजपट्टीच पुढे दूरच्या विश्वाला लावली जाते. इथली चूक थेट विश्वाच्या प्रसरणाच्या वेगात उतरते.

मधली धूळ

जानेवारी 2014 मध्ये एम 82 मध्ये एसएन 2014जे सापडला. प्रकार तोच, अंतर एम 101 च्या जेमतेम निम्मे. तो साडेआठव्या प्रतीला पोहोचायला हवा होता. प्रत्यक्षात साडेदहाच्या आसपास थांबला. त्या दीर्घिकेतल्या धुळीने प्रकाश गिळला होता. धूळ निळा प्रकाश जास्त अडवते, म्हणून वेगवेगळ्या फिल्टरांतून मोजून तारा किती तांबूस झाला ते पाहतात आणि हरवलेले तेज हिशोबात परत धरतात. एकाच फिल्टरवर विसंबले असते, तर एम 82 आहे त्याच्या अडीचपट दूर भासली असती.

खोडदच्या तबकड्या

2023 चा स्फोट महाकाय ताऱ्याचा गाभा कोसळून झाला होता. अशांचे मूळ तेज फार बदलते, म्हणून वरचे सरळ गणित तिथे चालत नाही. पण त्यांच्याभोवती ताऱ्याने आधी फेकलेला वायू असतो. धक्कालहर त्यावर आदळली की रेडिओ तरंग निघतात. ते टिपणारी जीएमआरटी दुर्बीण आपल्या शेजारीच आहे: नगर–कल्याण रस्त्याने आळेफाटा, तिथून नारायणगाव, पुढे खोडद. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. एम 81 या दीर्घिकेतला असाच एक तारा, एसएन 1993जे, फुटून सुमारे 3200 दिवस झाले होते, तेव्हा पूनम चंद्रा, अलक रे आणि संजय भटनागर यांनी इथल्या आणि अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीच्या नोंदी एकत्र केल्या आणि त्या विस्तारत्या कवचातले चुंबकीय क्षेत्र काढले. दृश्य प्रकाशात तोवर तो तारा कधीच मंदावला होता.