बिघडत्या हार्ड डिस्कमधून डेटा काढताना

एक्स्टर्नल हार्ड डिस्क चालेनाशी झाली म्हणजे तिच्यातला डेटा गेलाच, असे नसते. डेटा तबकड्यांवरच्या चुंबकीय थरात असतो आणि बिघाड पुष्कळदा तिथवर पोचणाऱ्या यंत्रणेत. खिशात मावणाऱ्या अडीच इंची डिस्कमध्ये या तबकड्या मिनिटाला साधारण 5400 फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला 90. वाचणारे हेड त्यांना न टेकता काही नॅनोमीटरवरून तरंगते. तबकड्या शाबूत असल्या तर किती आशा ठेवता येते, ते ‘कोलंबिया’ यानाच्या एका डिस्कने दाखवले. 2003 साली यान आकाशात फुटले. अवशेषांत सापडलेल्या 400 एमबीच्या जळक्या सीगेट डिस्कमधून ओन्ट्रॅकच्या तंत्रज्ञांनी सुमारे 99 टक्के डेटा काढला आणि त्यावर आधारलेले झेनॉन वायूच्या प्रयोगाचे निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाले.

विरार पश्चिमेच्या आगाशीत डिस्कला असा अपघात लागत नाही. टेबलावरून पडणे पुरते. लग्नाचे शूटिंग करणाऱ्या स्टुडिओवाल्याची हळद, वरात, चर्चमधला विधी अशी सगळी फुटेज एडिटिंग होईपर्यंत एकाच डिस्कवर असते आणि मे महिन्याच्या घाईत तिची दुसरी कॉपी करायची राहून जाते. कॉपी चालू असताना केबलला पाय अडकला, डिस्क फिरत्या स्थितीत आपटली, की हेड तबकडीवर घासते. अर्नाळ्याकडून येणारी खारी, दमट हवा हे वेगळेच दुखणे. त्या हवेने हेडच्या जोडणीशी टेकणारे बोर्डावरचे धातूचे ठिपके काळे पडू शकतात. डिस्क हेड ओळखत नाही आणि मालक हेड गेले असे धरून चालतो. काही डिस्क तर बोर्ड उतरवून ते ठिपके शाळेतल्या खोडरबरने हलके पुसल्यावर पुन्हा बोलू लागतात.

बिघाड कुठे आहे, याचा पहिला अंदाज कानाला येतो. ठरावीक अंतराने टक् टक् आवाज आला, तर हेडला तबकडीवरच्या खुणा सापडत नाहीत आणि ते पुन्हा पुन्हा मागे जाते. बारीक बीप आली, तर बहुधा हेड तबकडीला चिकटले आहे किंवा मोटर जाम झाली आहे. दोन्ही वेळी वीज तोडायची आणि पुन्हा लावून पाहायचे नाही. आवाजच नाही, तर संशय बोर्डावर. ॲडॅप्टरवर चालणाऱ्या साडेतीन इंची डिस्कला 12 व्होल्टऐवजी लॅपटॉपचा 19 व्होल्टचा ॲडॅप्टर लावला, तर बोर्डावरचा संरक्षक डायोड शॉर्ट होतो. तो काढून टाकल्यावर डिस्क पुष्कळदा सुरू होते, निदान डेटा उतरवून घेण्यापुरती.

डिस्क फिरते, नाव दिसते, पण फोल्डर उघडायला मिनिटे लागतात, ही अवस्था सर्वांत फसवी. डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवते त्या ‘स्मार्ट’ नोंदींत क्रमांक 5 आणि 197 चे आकडे वाढलेले दिसतात: पहिला बदललेल्या सेक्टरांचा, दुसरा वाचता न आल्यामुळे ताटकळलेल्यांचा. विंडोज मात्र फॉर्मॅट करायचे का विचारते, आणि शेजारचा जाणकार ‘चेकडिस्क मार’ सांगतो. चेकडिस्कचे काम फाइलव्यवस्था सुसंगत करणे. त्या नादात ते तुटक्या नोंदी कायमच्या बदलते आणि दमलेल्या डिस्कला आणखी पळवते. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा जुना इलाज तर आगाशीच्या दमटपणात आत पाणी धरवणारा. दुरुस्ती मूळ डिस्कवर करायचीच नाही. आधी तिची सेक्टरन्‌सेक्टर प्रत काढायची आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर.

या कामाचे परिचित मोफत साधन म्हणजे लिनक्सवरचे ‘डीडीरेस्क्यू’. 1 टीबीची धडधाकट डिस्क सेकंदाला 100 एमबीने वाचली तर पावणेतीन तासांत संपते. आजारी डिस्कला काही दिवस लागू शकतात, कारण खराब जागी ती स्वतःच अनेकदा प्रयत्न करत राहते. म्हणून डीडीरेस्क्यू आधी मोठ्या तुकड्यांत सोपे भाग उचलते आणि अडलेल्या जागा ओलांडून जाते. मग उलट्या दिशेने येऊन अडलेल्या पट्ट्यांच्या कडा शोधते आणि शेवटी एकेक सेक्टर खरवडते. काय मिळाले, काय राहिले, ते एका नकाशा-फाइलमध्ये टिपले जात असल्याने लाइट गेली तरी काम तिथूनच पुढे चालू होते. प्रत हाती आली की फोल्डरांची रचना ‘टेस्टडिस्क’ने शोधता येते, रचनाच मोडली असेल, तर ‘फोटोरेक’ फाइलींच्या सुरुवातीच्या खुणांवरून त्या वेचते. नावे मात्र परत येत नाहीत.

हेड बदलायचे असेल तर काम प्रयोगशाळेचे. त्याच मॉडेलच्या दात्या डिस्कचे हेड धूळमुक्त कपाटात बसवले जाते. नुसता बोर्ड बदलून सहसा भागत नाही: प्रत्येक डिस्कची जुळणी तिच्या बोर्डावरच्या रॉम चिपमध्ये असते, ती नव्या बोर्डावर न्यावी लागते. शिवाय वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय पासपोर्ट’ मालिकेतल्या अनेक मॉडेलांत पासवर्ड न ठेवताही डेटा कूटबद्ध होतो. त्यामुळे मूळ बोर्ड टाकून देणे महागात पडते. दुरुस्तीसाठी ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत लोकलने डिस्क नेण्यात सहसा धोका नाही. चिकटलेले नसेल, तर बंद डिस्कचे हेड बहुधा तबकडीबाहेरच्या उतारावर विसावलेले असते. फोममध्ये गुंडाळून, केबल काढून न्यायची, एवढेच.

मिळालेल्या फाइली उघडून पाहिल्याशिवाय मूळ डिस्क परत घ्यायची नाही. छायाचित्र अर्धवट मिळाले, तर वरचा भाग दिसतो आणि खाली करडा पट्टा येतो. व्हिडिओचे तसे नाही: कॅमेऱ्याच्या एमपी4 फाइलीत फ्रेमची यादी बहुधा शेवटी लिहिली जाते. तो भाग गेला की अनेक जीबींची फाइल उघडतच नाही. मग त्याच कॅमेऱ्याने त्याच सेटिंगवर काढलेली एखादी धड क्लिप नमुना म्हणून देऊन ती यादी नव्याने बांधून घ्यावी लागते.