ऐकण्यासाठी वेगळे यंत्र हवे का?

"मोबाइलमध्ये सगळेच असते, मग वेगळा प्लेअर कशाला?" नाशिकच्या एम. जी. रोडवरील दुकानांत हे सहज ऐकू येईल. जगाचा कौलही तोच. 2001 मध्ये आलेला आयपॉड 2022 मध्ये बंद झाला. त्याचे काम फोननेच घेतले. तरी 2017 मध्ये सारेगामाने 5,000 जुनी गाणी भरलेला 'कारवाँ' आणला आणि तो खपलाही. इंटरनेट नको, पासवर्ड नको. बटण दाबले की रफीसाहेब सुरू. थरथरत्या बोटांना टचस्क्रीन जमत नाही, बटण जमते.

आम्हा शिक्षकांना काळजी वाटते ती एकच फोन असलेल्या घरांची. अब्बू फोन घेऊन कामावर गेले की दादीची हम्द-नात आणि मुलांच्या कविता, दोन्ही बंद. संध्याकाळी फोन घरी आला, तर कविता ऐकता ऐकता मूल रील्सवर कधी पोहोचते, कळतही नाही!

अशा घरात मेमरी कार्ड आणि एफएम असलेला साधा स्पीकर पुरतो. एमपीथ्रीला मिनिटाला साधारण एक एमबी जागा लागते. म्हणजे 32 जीबीच्या कार्डात सुमारे 500 तास. आकाशवाणी नाशिकही 101.4 वर लागते. घेताना दुकानातच बंद करून पुन्हा सुरू करून पाहा: आवाज थांबला तिथूनच पुढे चालतो का? लांब धडा ऐकणाऱ्याला हे फार लागते. जुना स्मार्टफोन पडून असेल, तर सिम काढून, वाय-फाय बंद करून तोही चालेल. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र नको.

कॉलेजच्या मुलाला दुसरे यंत्र घेऊन देऊ नका. त्याच्या खिशात फोन असतोच.