पुस्तकातला पायरो आणि पडद्यावरचा पायरो

आवडते पुस्तक पडद्यावर आले की आपण लगेच म्हणतो, "पुस्तकात असे नव्हते!" इंग्लंडमधील प्रेक्षकही याला अपवाद नाहीत.

अगाथा ख्रिस्ती यांची 'द एबीसी मर्डर्स' ही रहस्यकादंबरी १९३६ साली प्रसिद्ध झाली. डिसेंबर २०१८ मध्ये बीबीसीने तिच्यावर तीन भागांची मालिका दाखवली. डेव्हिड सुशे यांनी १९८९ ते २०१३ या काळात रंगवलेला ऐटबाज मिशांचा, नीटनेटका गुप्तहेर पायरो लोकांच्या मनात बसला होता. जॉन माल्कोविच यांचा पायरो मात्र थकलेला आणि एकाकी. मित्र हेस्टिंग्ज कथेतून गायब! पुस्तकातला पायरो पूर्वी बेल्जियममध्ये पोलीस अधिकारी होता. मालिकेने त्याला पूर्वीचा धर्मगुरू केले. अनेक प्रेक्षक नाराज झाले. काहींना मात्र १९३३ च्या इंग्लंडमधील परकीयांविषयीचा द्वेष दाखवणारी ही मांडणी आवडली.

आम्हाला वाटते, बदल करणे हा काही गुन्हा नव्हे. खुनी कोण हे ठाऊक असलेल्या वाचकालाही काही नवे हवेच. पण माणसाचा भूतकाळ बदलला, की त्याच्या वागण्यामागची कारणेही बदलतात. मग तो आपला पायरो उरतो का?

याचे उत्तर मूळ पुस्तक वाचणाऱ्यालाच देता येईल. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, आधी पुस्तक, मग मालिका!