पणजोबांचा जिल्हा कोणता?

आजच्या भागात गावाकडच्या पूर्वजांचा माग कसा काढायचा, ते बघू. जात पडताळणीची फाईल घेऊन फिरणाऱ्यांनी तर नक्की वाचा.

अमेरिकेत खेड्यातला पणजोबा शोधणारा आधी जनगणना उघडतो. तिथं ७२ वर्षांनी याद्या नावानिशी खुल्या होतात. १९५० ची २०२२ मध्ये झाली. आपल्याकडं जनगणनेतली नावं कायद्यानं गोपनीय असतात. म्हणून आपला आधार जमिनीचे आणि शाळेचे कागद.

पण कागद मागायचा कोणत्या जिल्ह्यात? माझे पणजोबा उदगीर तालुक्यातले. आज तो लातूर जिल्हा. पण लातूर जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ ला. त्याआधी उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव. आणि १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी उदगीर होतं बीदर जिल्ह्यात, हैदराबाद राज्यात. गाव जागचं हललं नाही, जिल्हे मात्र तीन. आमच्या भाषेत, फाईल तीच, पाथ बदलला! नांदेडकरांनो, तुमचंही तसंच. तेलंगणातलं मुधोळ १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात होतं.

दुसरी अडचण सालाची. निजामकाळातल्या कागदावर फसली साल असतं. त्यात ५९० मिळवा: १३४० फसली म्हणजे १९३०-३१. कागद उर्दूत, कधी मोडीत. बऱ्याचदा आडनाव नसतंच, नुसतं ‘अमुक वल्द तमुक’. वल्द म्हणजे मुलगा. त्यामुळं फक्त आडनावावरून शोधू नका. पणजोबांच्या वडिलांचं नाव माहीत पाहिजे.

ते कोण सांगणार? घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस. शेताला काय म्हणायचे, भाऊ किती, आजीचं माहेर कुठलं, सगळं विचारा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. मग तहसीलमध्ये नकलेचा अर्ज करा: जुना सातबारा, १९५४ चं खासरा पत्रक आणि वारसाचा फेरफार. शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा घ्या.

यातला फेरफार अजिबात सोडू नका. खातेदार वारला की वारसांची नावं त्यात चढतात, म्हणजे एका पानावर दोन पिढ्या. जुन्या कागदांत बायकांची नावं फार कमी सापडतात. पणजीचं नाव मिळालं तर बहुतेक इथंच मिळेल.

तहसीलचे कागद सोमवारीही तिथंच असतील. आजीला मात्र आजच फोन लावा.