रंगाआधीची खरवड

जुन्या ट्रॅक्टरला आपल्याकडे रंग लागतो तो बहुतेक दोन निमित्तांनी. एक तर तो विकायचा असतो, नाहीतर पोळा तोंडावर आलेला असतो. दोन्ही वेळा कामाची रीत एकच. गॅरेजवर न्यायचा, प्रेशरनं धुवायचा, वरून लाल मारायचा, बॉनेटला नवं स्टिकर चिकटवायचं आणि संध्याकाळी अंगणात आणून उभा करायचा. माझं म्हणणं असं, की या रीतीत रंगकामातला सगळ्यात उपयोगाचा भागच गळतो. तो भाग म्हणजे जुना रंग खरवडून काढणं. ही खरवड घरी करावी, आणि ज्या वडिलांनी तो ट्रॅक्टर वीस-पंचवीस वर्षं चालवला त्यांना सोबत घेऊन करावी. यामागे मायेचा भाग असेल तर असो. मी बोलतोय ते दुरुस्तीच्या हिशेबानं.

बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय नि घाटाखाली काय, गोठ्याशेजारी उभी असलेली जुनी यंत्रं ठरावीक घराण्यांतली आहेत. महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी 1963 साली मिळून कंपनी काढली आणि इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डच्या कारखान्यातलं बी-275 हे मॉडेल इथं बनवायला घेतलं. त्यातला 275 हा आकडा आजही महिंद्राच्या बॉनेटवर दिसतो. मॅसीचा 1035, एका सिलिंडरचा आयशर, पंजाबातून आलेला स्वराज हेही त्याच पिढीचे सोबती. या सगळ्यांत संगणक नाही, सेन्सर नाही. पिस्टन, लायनर, रिंगा, क्लच प्लेट, ऑइल सील खामगावला किंवा चिखलीला मिळून जातात आणि मिस्तरीही मिळतो. मग कमी काय पडतं? त्या एका ट्रॅक्टरचा इतिहास. तो कुठल्या दुकानात मिळत नाही, आरसी बुकातही नसतो.

खरवडीत काय हाती लागतं ते मागच्या मडगार्डवर सगळ्यात चांगलं दिसतं. वरून पत्रा धड असतो. तो सोडवून उलटा केला, की आतल्या घडीत काळ्या मातीचा थर दगडासारखा बसलेला दिसतो. आपली माती ओल धरून ठेवते, आणि पावसाळ्यात तिथं बसलेली माती कित्येक दिवस पत्र्याला ओली ठेवते. पेरणीच्या खताचा चुराही त्यातच मिसळलेला. थर फोडला की खालचा पत्रा पापुद्रे सुटावेत तसा हातात येतो. वरून रंग मारणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे, म्हणजे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, आणखी एक गोष्ट दिसते. बोअरच्या खारट पाण्यानं धुतलेल्या पत्र्यावर पाणी सुकलं तरी क्षार मागे राहतात. त्यावरच प्रायमर मारला तर ते क्षार रंगाच्या पडद्यातून ओल ओढून घेतात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत रंगाला फोड येतात. मालक रंगाच्या कंपनीला शिव्या घालतो. तेच पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये गेलं असेल तर नळ्यांच्या आत पांढरा थर धरतो आणि इंजिन तापतं. रेडिएटर साफ करून आणला तरी पाणी तेच राहिलं तर तो पुन्हा चोंदणारच. कोणत्या साली कुठल्या विहिरीचं पाणी बंद होऊन बोअरचं सुरू झालं, हे मिस्तरीला कसं कळावं? वडिलांना ते विचारताक्षणी आठवतं.

दुसरं उदाहरण हायड्रॉलिक लिफ्टच्या बाहीचं. वायर ब्रशनं घासता घासता रंगाखालून वेल्डिंगचा जुना टाका निघतो. टाका नुसता पाहून एवढंच समजतं, की बाही कधीतरी तुटली होती. ती ट्रॉली उलटली तेव्हा तुटली, की बाहीला न पेलणारं अवजार सालोसाल उचलून तुटली, यावर पुढचा सगळा इलाज ठरतो. अपघात असेल तर टाका तपासून पुढे जाता येतं. जादा वजन असेल तर बाही बदलूनही काही होत नाही, अवजार बदलावं लागतं. पुढच्या एक्सलचंही तसंच. पलटी न होणाऱ्या साध्या नांगरानं नांगरताना उजवी चाकं तासात उतरलेली असतात, ट्रॅक्टर कलून चालतो आणि उजव्या बाजूवर भार जास्त येतो. त्या बाजूची पिन आणि बुश जास्त झिजलेली निघाली तर ती भाड्यानं केलेल्या नांगरटीची झीज, की ग्रीस न भरल्याची, हे चालवणाराच सांगू शकतो. मिस्तरीपुढे फक्त परिणाम असतो. कारण ज्याला ठाऊक आहे तो माणूस ट्रॅक्टर गॅरेजवर पाठवून घरी चहा पीत बसलेला असतो. (इथं वडील लिहितोय, कारण आपल्याकडे स्टेअरिंग बहुतेक त्यांच्याच हाती. डिझेलचा आणि भाड्याचा हिशेब मात्र पुष्कळ घरांत आईच्या वहीत असतो, आणि वडिलांच्या आठवणीपेक्षा ती वही जास्त भरवशाची.)

यावर पहिला आक्षेप असा, की वडिलांचं सांगणं चुकीचंही असतं. मान्य. आपलं इंजिन ऑइल पीतच नाही, असं छातीठोक सांगणारे वडील घरोघरी आहेत. पण खरवडीचा फायदाच हा, की सांगणं आणि लोखंड एकाच वेळी समोर असतं. हेडच्या कडेनं जुन्या ऑइलची काळी रेघ निघाली, की तिथंच बोलणं होतं आणि तिथंच दुरुस्त होतं. शिवाय सगळं घरीच करा असं मी म्हणत नाही. डिझेल पंपाचं सील घरी तोडू नये. कॅलिब्रेशन बेंचवरच करायचं असतं. लायनर, बोअर आणि हेड मिस्तरीकडे आणि मशीनवरच द्यावं.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो जास्त वजनाचा. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. मग जुन्यात पैसा कशाला घालायचा? पण त्याच दिवशी ट्रॅक्टरचे टायर आणि बरेच सुटे भागही 18 वरून 5 टक्क्यांवर आले, म्हणजे दुरुस्तीही हलकी झाली. नवा ट्रॅक्टर तरीही लाखांतच जातो आणि त्याला हप्ते असतात. सोयाबीन-कपाशीच्या भावावर हप्ते फेडणाऱ्याला ते वेगळं सांगायला नको. तरी प्रत्येक जुना ट्रॅक्टर वाचवावा असं नाही. रोटाव्हेटर रोज चालवायचा असेल तर जुन्या कमी ताकदीच्या यंत्राकडून ती अपेक्षा धरू नये. पिंजोरचा एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय 2016 सालीच झाला. तो ट्रॅक्टर दारात असेल तर खर्च करण्याआधी भाग कुठून मिळतील ते पाहावं. इंजिन ब्लॉकलाच तडा असेल तर भावना बाजूला ठेवून भंगारात द्यावा.

तिसरी तक्रार खरी आहे: रंग दोष झाकतो. जुन्या ट्रॅक्टरच्या बाजारात चकचकीत बॉनेट पाहून फसलेले लोक काही थोडे नाहीत. म्हणूनच क्रम महत्त्वाचा. आधी खरवड, मग दुरुस्ती, मग चालवून पाहणं, आणि गळती थांबल्यावरच रेड ऑक्साइडचा एक हात, पुट्टी, घासणं आणि रंगाचे दोन हात. तेल झरणाऱ्या जागेवर रंग टिकत नाही. हंगामही सांभाळायला हवा. बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावावा तसा पोळ्याला ट्रॅक्टर रंगवण्याची हौस मी समजू शकतो, पण श्रावणातल्या दमट हवेत थिनरचा रंग पांढुरका पडतो. वैशाखात उलटं होतं, गनमधून सुटलेला रंग पत्र्यावर पोचेपर्यंत सुकतो आणि खरखरीत बसतो. दसऱ्यानंतरची कोरडी हवा बरी. घराच्या रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त नसावं हा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासूनचा. त्याआधीच्या, आणि त्यातही यंत्रांच्या, रंगात किती शिसं असेल याची खात्री नाही. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये, वॉटर पेपर गोड्या पाण्यानं ओला करून घासावा, तोंडाला मास्क बांधावा आणि लहान पोरांना लांब ठेवावं.

कागदाचंही एक काम आहे. एमएच-28 च्या ट्रॅक्टरची नोंदणी 15 वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्या वेळी चेसिस नंबर तपासतात. तेव्हा खरवडायला बसण्याआधी चेसिस आणि इंजिन नंबरवर टेप लावा, ग्राइंडर तिथं फिरवू नका. आरसी बुकात रंग लाल असेल तर लालच द्या; निळा हवा असेल तर आधी आरटीओत नोंद करून घ्या. आणि वडील जे जे सांगतील ते त्याच दिवशी, तारखेसकट, वहीत लिहून ठेवा.