गोडेतेल, डिझेल आणि तुंबलेला फिल्टर

१० ऑगस्ट हा जागतिक जैवइंधन दिन. १८९३ साली याच दिवशी रुडॉल्फ डिझेलनं शेंगदाणा तेलावर इंजिन चालवलं, असा संदेश तुमच्याही मोबाइलवर आला असेल. गोष्ट छान आहे, पण खोटी. गोडेतेलावरचं इंजिन लोकांनी पाहिलं ते १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात.

२० टक्के इथेनॉलच्या ई-२० पेट्रोलवरून चिडलेले गाडीवाले आता विचारताहेत, डिझेलचं काय? २०१८ च्या जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचं उद्दिष्ट आहे. इंडोनेशिया २०२५ मध्येच ४० टक्क्यांवर गेला.

गोडेतेल डिझेलपेक्षा दहापट घट्ट, नोझलमधून त्याचा नीट फवारा उडत नाही. म्हणून मिथेनॉल आणि कॉस्टिकच्या साहाय्यानं त्यातलं ग्लिसरीन वेगळं काढतात. उरतं ते बायोडिझेल. त्यात वजनाच्या सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो, त्यामुळे ज्वलन जास्त पूर्ण होतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं २००२ साली मांडलेल्या हिशेबानुसार २० टक्के मिश्रणानं धुरातले कण १० टक्के, कार्बन मोनॉक्साइड ११ टक्के घटतो. नायट्रोजनची ऑक्साइडं मात्र २ टक्के वाढतात. ते आकडे जुन्या इंजिनांचे. मायलेज एक-दोन टक्के घटतं, पण घाटात एसटी चालवणाऱ्यालाही ते जाणवणार नाही.

खरं दुखणं फिल्टरचं, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ बायोडिझेल सोडवतं आणि तो थेट फिल्टरमध्ये जातो. गाडी गचके खाते, शिव्या इंधनाला पडतात. जुन्या गाडीत जास्त मिश्रण भरलंत तर पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर फिल्टर बदला, एवढंच. बीएस-६ गाड्यांची तऱ्हा वेगळी. काजळीचा फिल्टर साफ करायला काही इंजिनं सिलिंडरमध्येच जादा इंधन सोडतात. बायोडिझेल चटकन उडून जात नाही. ते भिंतीवरून ओघळून इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. अशा गाडीत ऑइल बदलण्याची मुदत लांबवू नये. शिवाय शुद्ध पाम बायोडिझेल साधारण १५ अंशांनाच गढूळ होऊ लागतं. जाकार्तात चालेल, निफाडच्या जानेवारीत नाही.

पण ५ टक्क्यांना इंजिन कुरकुरणार नाही. कुरकुर आहे ती तेलाची. देशात वर्षाला सुमारे ९ कोटी टन डिझेल जळतं. त्याचे ५ टक्के म्हणजे ४५ लाख टन. आपण तर खायचं निम्म्याहून जास्त तेल आयात करतो. मोगली एरंडापासून बायोडिझेल काढण्याचा प्रयोग आठवतोय? २०११-१२ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं स्वप्न होतं, पडीक जमिनीवरच विरलं.

माझ्या मते भरवसा ठेवावा असा एकच साठा आहे, कढईत उरलेलं तेल. ते गोळा करण्याची ‘रुको’ योजना अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१८ मध्येच आणली. तुमच्या नेहमीच्या भजीवाल्याला एकदा विचारा, संध्याकाळी उरलेलं तेल जातं कुठे?